राहुकाळ संपेपर्यंत

"हीटर नका लावू सर," केदार म्हणाला, पण तोवर भरतनं बटण फिरवलं होतं.

भरत माझा नवरा. आम्ही एकाच वर्गात शिकलो, त्यामुळं अजून अरे-तुरेच चालतं. तो सांगलीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि कुठलीही वस्तू घेताना तिची सगळी बटणं दाबल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पुण्यात नगर रस्त्यावरच्या त्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये सकाळपासून त्याची पाच गाड्यांची बटणं दाबून झाली होती. ही सहावी. काळी, जर्मन, आतलं लेदर सायीच्या रंगाचं. मी स्टिअरिंगवर बसले होते आणि तिथून हात काढायचं मनात येत नव्हतं.

हीटरची ऊब पायाशी आली. तिच्याबरोबर वास आला.

गाडीत मोगऱ्याचं अत्तर फवारलेलं होतं, चांगलं सढळ हातानं. त्या मोगऱ्याच्या खालून तो वास वर आला. ओल्या पोत्याचा, कुजलेल्या पाल्याचा, थोडा डिझेलचा. दुसऱ्या कुणाला कळला नसता. मला कळला, कारण चार महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, मी त्याच वासात पंधरा दिवस काढले होते. कृष्णेचं पाणी माझ्या पार्लरमध्ये पंख्याच्या पात्यांपर्यंत चढलं होतं. उतरल्यावर आम्ही तिघी बायकांनी फावड्यानं चिखल ओढला. आरसे, खुर्च्या, नवरीच्या मेकअपचं सगळं सामान गाड्यात भरून फेकून दिलं. तो वास केसांतून जायला महिना लागला.

मी भरतकडं पाहिलं. त्याच्याही नाकपुड्या हलल्या होत्या. त्यानं हीटर बंद केला.

मी सीटबेल्ट ओढला. पुरता, शेवटपर्यंत. एरवी कुणी एवढा ओढत नाही. टोकाकडचा पट्टा बाहेर आला आणि त्यावर बोटभर रुंदीची तपकिरी रेघ दिसली.

"ही गाडी पुरात होती," मी म्हणाले.

मागच्या सीटवर बसलेल्या केदारनं आधी दार ओढून घेतलं. शोरूमचा मालक, पस्तिशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस. सकाळपासून गाडी मी घेणार हे दहादा सांगूनही तो सगळी उत्तरं भरतलाच देत होता. आता पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला.

"मॅडम, हळू. बाहेर गिऱ्हाइकं आहेत."

बाहेर सोफ्यावर एकच गिऱ्हाईक होतं. फलटणचे खिलारेकाका आणि त्यांची मुलगी ऋतुजा. सकाळी चहा घेताना ओळख झाली होती. काका शाळेचे गणवेश शिवणारे टेलर. साठीचे, टोपी, धुवट सदरा, आणि दर दोन मिनिटांनी हात छातीवर जायचा. आतल्या बंडीला स्वतःच शिवलेल्या खिशात बँकेचा डिमांड ड्राफ्ट होता. फलटणमधली रिकामी जागा विकून त्यांनी तो काढला होता.

"जावयाला गाडी घ्यायचीय," त्यांनीच सांगितलं होतं. "बिल्डरच्यात असतात, हिंजवडीला. तिकडं म्हणं माणूस कुठल्या गाडीतनं उतरला त्याच्यावर समदं असतं. फोटोवरनं ही काळीच पसंत केलीय त्यांनी. पण तुमचा नंबर आधी हाय. तुम्ही घेणार असला तर आम्ही दुसरी बघू."

मला कानकोंडं झालं होतं. कारण भरतला मी महिनाभर हेच ऐकवत होते. पार्लर पुन्हा उभं करायचं तर आता गल्लीतल्या भुवया करून भागणार नाही, कोल्हापूर-बेळगावच्या मोठ्या लग्नांची कामं घ्यायला हवीत, आणि तिथं मेकअपवाली रिक्षातून उतरली तर तिला रिक्षाचाच भाव मिळतो. आमच्या पैशात नवी छोटी गाडी आली असती. मला ती नको होती. पुरानंतर सगळे माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचे, "बिचारी सुनेत्रा" म्हणायचे, ते मला सहन होत नव्हतं. मला एकदा तरी कार्यालयाच्या दारात अशा गाडीतून उतरायचं होतं.

केदार पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकला. "असं करू. ती चंदेरी गाडी आहे ना, सरांनी दुसरी बघितली ती? जपानी. एका वकिलाची, एकहाती वापरलेली. तुमच्या बजेटच्या वर जात होती. तुमच्या आकड्यात देतो. चारी टायर नवे घालून देतो. आत्ता, आजच घेऊन जा."

"आणि?" भरतनं विचारलं.

"आणि काय सर. ही काळी तुम्हाला आवडली नाही, एवढंच."

ती चंदेरी गाडी निर्दोष होती. भरतनं तिच्याखाली आडवं होऊन, टॉर्च मारून पाहिली होती. फक्त आमच्या हाताबाहेरची होती. भरत माझ्याकडं बघत राहिला. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं नंतर मला फार वाटलं. पण पैसे माझे होते आणि निर्णय माझा होता, हेही मीच त्याला ठणकावून सांगितलेलं होतं.

"कागद काढा," मी म्हणाले.

काळ्या गाडीतून उतरले तशी खिलारेकाका सोफ्यावरून उठून आले.

"काय ताई, घेताय का?"

"नाही."

"का बरं? काही खोट हाय?"

केदार माझ्या मागंच उभा होता. त्याचा मोबाइल वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

"नाही हो," मी म्हणाले. "आमच्या बजेटात बसत नाही."

काकांचा चेहरा उजळला. "बघ ऋतू," ते मागं वळून म्हणाले, "नशिबात होती आपल्या."

ऋतुजा हसली नाही. बावीस-तेवीस वर्षांची असेल, लग्नाला सहा महिने झालेले. गळ्याशी ओढणी गच्च गुंडाळून बसली होती. तिच्या हातातल्या मोबाइलवर सारखे मेसेज येत होते आणि दर मेसेजला ती दचकत होती.

पैसे पाठवणं, सह्या, फोटो यात तास गेला. निघायच्या आधी मी तोंडावर पाणी मारायला गेले, तर ती बेसिनपाशी उभी होती. ओढणी सुटली होती. मला बघून तिनं ती झटकन वर ओढली. पण माझं कामच चेहऱ्यांचं. नवरीच्या मानेवर लालसर डाग असेल तर आधी हिरवट रंगाचा हात द्यावा लागतो, त्यावर कातडीचा रंग. तो हिरवा नीट मिसळला नाही की उजेडात दिसतो. तिच्या कानाखाली, जबड्याच्या कडेनं, तो दिसत होता. चार बोटं जिथं पडतात तिथं.

"मेकअप कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"मोबाइलवर."

"छान केलायस."

मी रुमालाला हात पुसले आणि बाहेर आले. एवढंच बोलले मी तिच्याशी. छान केलायस.

एक वाजून गेला होता. बाहेर एक माणूस काळी गाडी पुसत होता. केदार काकांना म्हणत होता, "चला, आपलेही कागद करून टाकू," आणि काका हात जोडून, "नको नको. गुरुवार हाय. दीड ते तीन राहुकाळ. जावयानं बजावून सांगितलंय, तीनच्या आत गाडीला हात लावायचा न्हाई."

चंदेरी गाडी मी चालवत होते. आवाज असा की चालू आहे का बंद ते कळू नये. हडपसर, कात्रज. बोगद्यातून बाहेर पडलो आणि रस्ता मोकळा झाला. मी हे सगळं किती वेळा मनात रंगवलं होतं. काचा वर, गार हवा, पाय नुसता टेकवला की गाडी पळते. आणि मला बसायलाच येईना. सीट पुढं घेतली, मागं घेतली. आरसा हलवला. पुन्हा हलवला.

"एसी जास्त होतोय का?" भरतनं विचारलं.

"नाही."

थोड्या वेळानं मीच म्हणाले, "त्या मुलीचा बाप टेलर आहे. त्याला गाडीतलं काय कळणार?"

"काहीच नाही."

"पुरातली गाडी किती दिवस चालते?"

"सांगता येत नाही. वायरिंगमध्ये गंज धरतो. कधी दोन महिने, कधी वर्ष. मग एके दिवशी रस्त्यात सगळं बंद. दुरुस्तीचा खर्च गाडीपेक्षा जास्त."

"आणि तो जावई काय म्हणेल तेव्हा?"

भरत खिडकीबाहेर बघत होता.

"तू बोल ना काहीतरी! आपलं काय चुकलं? आपण त्यांना घ्या म्हणालो का?"

"तसं नाही म्हणालो."

"मग असा गप्प का बसलायस?"

"सुनेत्रा," तो म्हणाला, "मी पण तिथंच होतो. मला त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सुटलो असं मला वाटत नाहीये."

खेड शिवापूरचा टोलनाका दिसायला लागला होता. डॅशबोर्डवर दोन वाजून आठ मिनिटं. त्यांचा नंबर आमच्याकडं नव्हता. केदारचा होता, त्याचा काय उपयोग. मी टोलच्या अलीकडच्या वळणाला गाडी पुन्हा पुण्याकडं फिरवली. मागून ट्रकवाल्यानं हॉर्नचा नुसता गळा फाडला.

येताना जो रस्ता तासाभराचा होता तो जाताना संपेना. कात्रजला ट्रक बंद पडलेला. हडपसरला उसाच्या ट्रॉल्या. मी लेन बदलत होते, पुन्हा बदलत होते, आणि भरत, जो एरवी सत्तरच्या वर काटा गेला की पायानं अदृश्य ब्रेक दाबतो, तो म्हणत होता, "डावीकडून घे, डावीकडून घे."

पोचलो तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. काळ्या गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार. टायरखाली लिंबं. काका खुर्चीवर बसले होते, बंडीचं बटण सोडून. ड्राफ्ट हातात.

"काका, थांबा," मी म्हणाले. "देऊ नका तो."

केदार उठला. "मॅडम, काय विसरलं का?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं. "काका, ही गाडी पुरात बुडलेली आहे. आत पाणी गेलंय. ही टिकणार नाही."

"मॅडम, तोंडाला येईल ते बोलू नका. सर्व्हिसचे सगळे कागद आहेत माझ्याकडं."

मी डिकी उघडली. तळाचं आच्छादन वर केलं, स्टेपनी ठेवायच्या खड्ड्याच्या कडेला बोट घातलं आणि ते काकांपुढं धरलं. नखात काळा, चिकट गाळ. मग पुढचं दार उघडून सीटबेल्ट ओढला, शेवटपर्यंत.

काका चष्मा लावून वाकले. पट्टा दोन बोटांत धरून त्यांनी त्या तपकिरी रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. चाळीस वर्षं कापड हाताळलेला माणूस.

"पाण्याचा डाग हाय," ते म्हणाले. "बसून ऱ्हायलेल्या पाण्याचा."

त्यांनी ड्राफ्टची घडी घातली.

केदारचा आवाज चढला. "काका, यांना विचारा, यांची गाडी कशी काय एवढ्या स्वस्तात मिळाली? सकाळीच सगळं माहीत होतं यांना. गप्प बसायचे लाखभर कमी करून घेतलेत माझ्याकडून. आता आल्यात पुण्य करायला!"

गाडी पुसणाऱ्या माणसानं हात थांबवला.

काकांनी चष्मा काढला. "ताई, खरं हाय का हे?"

"हो."

"मी तुम्हाला इचारलं होतं. खोट हाय का म्हणून."

"हो काका."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत होते. शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. ते त्या हार घातलेल्या गाडीकडं वळले आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "वरनं बघून काय कळतंय माणसाला."

तेवढ्यात ऋतुजाचा मोबाइल वाजला. तिनं स्क्रीन बघितली आणि बापाकडं बघितलं. वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला. काकांनी हात पुढं केला, मोबाइल घेतला आणि तसाच, वाजत असतानाच, सदऱ्याच्या खिशात टाकला.

"चल," ते म्हणाले.

"काका, आम्ही सोडतो," भरत पुढं झाला. "कुठं जायचंय ते सांगा."

"नको. त्या गाडीत न्हाई बसायचं आम्हाला."

रस्त्याच्या कडेला त्यांनी रिक्षा थांबवली. आम्ही दारातच उभे होतो, त्यामुळं ऐकू आलं. ऋतुजानं आत बसता बसता विचारलं, "आबा, हिंजवडीला इथनं बसच बरी पडंल ना?"

"स्वारगेट," काका रिक्षावाल्याला म्हणाले. "फलटणची गाडी धरायचीय."

ती एक पाय आत, एक बाहेर अशी थांबली. मग आत बसली. रिक्षा गेली.

आम्हाला चंदेरी गाडी पचली नाही असं म्हणता येणार नाही. ती अजून आहे, उत्तम चालते. केदारनं मात्र नाव बदलण्याचे कागद अडवून धरले. आठ महिने भरत पुण्याच्या खेपा घालत होता, एजंटाच्या पाया पडत होता. मधल्या काळात टाळेबंदी आली, लग्नंच बंद पडली आणि गाडी दारात धूळ खात उभी राहिली. मी तिच्याकडं बघायचं टाळायचे. पुढं कामं सुरू झाली. कार्यालयाच्या दारात त्या गाडीतून मी पुष्कळदा उतरले. लोक बघायचे. मला दर वेळी कुणीतरी विचारतंय असं वाटायचं, खोट हाय का काही?

मागल्या वर्षी फलटणला एका नवरीचं काम मिळालं. काम उरकल्यावर मी तिथल्या बायकांना खिलारे टेलरचं दुकान विचारलं. कशाला विचारलं ते मलाही माहीत नव्हतं. भर बाजारात होतं. गणवेशाच्या निळ्या कापडाचे गठ्ठे, तीन मशिनं, आणि मधल्या मशिनवर ऋतुजा. अंगानं भरली होती. तोंडात टाचण्या धरून दोन बायकांना एकाच वेळी कामं सांगत होती.

मी ओळख द्यावी की नाही या विचारात असतानाच तिनं टाचण्या काढल्या. "ताई, या. बसा."

"ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं." तिनं स्टूल पुसून पुढं सरकवलं आणि दाराकडं एक नजर टाकली. "आबा जेवायला गेलेत. ते यायच्या आत... म्हणजे राग मानू नका. तुमचा विषय निघाला की ते अजून म्हणतात, त्या बाईला सकाळीच माहीत होतं."

"बरोबर आहे त्यांचं."

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. हातातलं कापड उगाच घडी करत राहिली. "पण सकाळी सांगितलं असतंत तर आबांनी दुसरी गाडी घेतली असती. तिथंच, शेजारची. आणि मी त्या गाडीत बसून हिंजवडीला गेले असते."

मी स्टुलावर टेकले.

"तुम्ही गेला आणि आम्ही राहुकाळ संपायची वाट बघत बसलो. दीड तास. लग्नानंतर आबांबरोबर तेवढा वेळ एकटी मी कधी बसलेच नव्हते. घरी आई असायची, फोनवर बोलताना हे शेजारी असायचे. बेसिनपाशी तुम्ही माझ्या मानेकडं बघितलंत ना, तेव्हा कळलं की दिसतंय. झाकलं तरी दिसतंय. मग आबांना तिथंच, सोफ्यावर, सगळं सांगितलं."

"मग तरी ते ड्राफ्ट द्यायला निघाले होते?"

"तरी निघाले होते. म्हणाले, एकदा गाडी दिली की थंड होईल तो. आपल्यात असं मोडत नाहीत, म्हणाले. उठून खुर्चीवर जाऊन बसले, बटण सोडलं." ती थांबली. "आणि मग तुम्ही आलात."

बाहेर सायकल लावल्याचा आवाज झाला. तिनं पटकन टेप उचलला. "माप देता का? ब्लाउज शिवून देते."

मी उभी राहिले, हात पसरले. तिनं टेप माझ्या पाठीवरून फिरवला. खिलारेकाका आत आले, माझ्याकडं एकदा बघितलं, टोपी खुंटीला लावली आणि आपल्या मशिनवर जाऊन बसले. त्यांनी ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मशिन मात्र लगेच सुरू झालं नाही.

"छाती अडतीस," ऋतुजा मोठ्यानं म्हणाली. "आबा, लिहून घ्या."

मग मागून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"सुनेत्रा मगदूम," मी म्हणाले. "सांगली."

पेन्सिल कागदावर चालली. "मंगळवारी मिळंल," ते म्हणाले.